एक बोळा राहिला

आमच्या वॉर्डात चाळीस खाटा आहेत आणि बायका कधीच पंचावन्नच्या खाली नसतात. खाटा संपल्या की आम्ही दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकतो. सतरा आणि अठराच्या मधे जी झोपते ती साडेसतरा. कागदावर असा काही नंबर नसतो, पण तोंडी सगळे तसंच म्हणतात. नवी नर्स दोन दिवस हसते आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ओरडते, "साडेबाराचं सलाईन संपलं!" हे ऐकून एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मनगटावरचं घड्याळ जुळवून घेतलं होतं.

मी इथे सव्वीस वर्षं नर्स आहे. मावशी माझ्याही आधीच्या. सरकारी दवाखान्यात प्रत्येक आयेला मावशीच म्हणतात, पण आमच्या वॉर्डात नुसतं 'मावशी' म्हटलं की त्याच. बुटक्या, रुंद, निळ्या कोटाला दोन खोल खिसे आणि चालताना डावा पाय किंचित ओढत. नवरा परगावी कामाला म्हणून गेला तो गेलाच. पदरात दोन मुली. कुणाच्या तरी जागी पंचेचाळीस दिवसांसाठी म्हणून त्यांना घेतलं. पंचेचाळीस दिवस भरले की काढायचे आणि एक दिवस घरी बसवून पुन्हा घ्यायचे. अशी अकरा वर्षं काढल्यावर त्या कायम झाल्या. एकदा ट्रॉलीखाली बोट सापडलं, सुजून काळंनिळं झालं. नऊ दिवसांनी माझं लक्ष गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे की." हाड मोडलेलं होतं.

आमच्याकडे दिवस उगवतो तो राऊंडसाठी. साडेनऊला मोठे सर येतात, मागे सात-आठ शिकाऊ डॉक्टर. सर वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. त्यांच्या हाताला यश आहे. पण पस्तीस मिनिटांत पंचावन्न बायका बघायच्या आणि मग दुपारपर्यंत ऑपरेशनं उरकायची, हा हिशोब कुणाही देवमाणसाला माणसातून उठवील. सर विचारतात, "काय, कसं वाटतंय?" बाईने तोंड उघडेपर्यंत त्यांचे बूट पुढच्या खाटेकडे वळलेले असतात.

फार वर्षांपूर्वी एका बाईला वाटलं की विचारलंय तर सांगावं. तिने पोटात पहिल्यांदा कळ कधी आली तिथपासून सुरुवात केली आणि सासूपर्यंत पोचली. सर लहान डॉक्टरवर भडकले. लहान डॉक्टर माझ्यावर. मी मावशींना झापलं, मावशींनी त्या बाईला. तिच्या खाली कुणीच नव्हतं, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून रडली. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते हे असं, आणि आमच्याकडे ते रोज निघायचं.

त्यानंतर मावशींनी त्यांची पद्धत काढली. सकाळी साडेसातला चादरी बदलताना त्या प्रत्येकीजवळ उकिडव्या बसायच्या. "काय होतंय, गं?" बाई सांगायची. मावशी पूर्ण ऐकायच्या, अगदी सासूसकट. मग ड्रेसिंगच्या डब्यातल्या कापसाचा एक लहानसा बोळा वळून उजव्या खिशात टाकायच्या. "आता माझ्याकडे आलं. सर आले की 'बरं आहे' म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही. पुढचं माझ्यावर सोड."

अकराला लहान डॉक्टर ड्रेसिंगच्या खोलीत चहाला बसायचे. मावशी दारात उभ्या राहून एकेक काढायच्या. "चार नंबरच्या टाक्यांतून पाणी येतंय. साडेनऊला लघवीला जळजळ. एकतीस रात्रभर बसून होती, आडवं झालं की धाप लागते." एक सांगून झालं की एक बोळा बादलीत. खिसा रिकामा झाला की त्यांचं काम संपलं. डॉक्टर लोक हसायचे, पण चहा हातात घेऊनच त्या खाटेकडे जायचे, कारण मावशींचं सांगणं कधी फुकट जात नसे. एकतीस नंबरची ती धाप म्हणजे हृदय होतं. ती बाई पुढे चालत घरी गेली.

"बोळे कशाला? लक्षात नाही राहत?" मी एकदा विचारलं.

"डोकं विसरतं, सिस्टर. खिसा नाही विसरत."

मी हे कौतुकाने सांगते आहे असं वाटेल. तेव्हा कौतुकच होतं. सगळं कसं गुळगुळीत चालायचं. राऊंड वेळेत, सर खूश, मेट्रन खूश, आणि बायकांचं म्हणणं अकरा वाजता का होईना पोचायचं. पंचावन्न बायकांचा आवाज एका न शिकलेल्या बाईच्या खिशात ठेवून आम्ही सगळे निवांत होतो, आणि याची लाज वाटायला मला सव्वीस वर्षं लागली.

माझीही एक पद्धत होती. सकाळी फायली लिहायला वेळ मिळत नाही, म्हणून दुपारी दोनला घरी जाण्यापूर्वी मी दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा शेरा आधीच लिहून ठेवायची. 'रात्री झोप चांगली. तक्रार नाही.' काही वेगळं घडलं तर खाली भर घालायची. सगळ्याच वॉर्डांत असंच करतात. मलाही हे माझ्या सीनियरनेच शिकवलं होतं.

तो दिवस एक तारखेचा होता. एक तारखेला लहान डॉक्टर बदलतात. कालपर्यंतचे निघून जातात आणि ज्यांना संडास कुठे हेही ठाऊक नाही असे नवे येतात. आमच्या वाट्याला आलेला चष्मेवाला पोरगेला डॉक्टर सकाळपासून धावतच होता. अकराला चहा झालाच नाही. मावशी डावा पाय ओढत त्याच्या मागे मागे. जिन्यात दोन तक्रारी सांगितल्या, लिफ्टच्या दारात तीन, मधेच त्याचा फोन वाजला, मग भाजलेली एक बाई आली, मग उरलेल्या सांगितल्या. सकाळी खिशात अकरा बोळे होते. पावणेदोनला मावशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. तळहातावर एक बोळा.

"सिस्टर, एक राहिला."

"कुणाचा?"

"तेच आठवत नाही."

मी लिहीत होते. मान वर न करता म्हटलं, "मग विचारा सगळ्यांना."

त्यांनी विचारलं. छप्पन्न बायका होत्या त्या दिवशी, खाटेवरच्या आणि जमिनीवरच्या, आणि मावशी एकीलाही न वगळता प्रत्येकीजवळ वाकल्या. मला टेबलावरून ऐकू येत होतं. "सकाळी मला काही सांगितलं होतंस का, गं?" आणि उत्तर, "बरं आहे, मावशी." पुढची, "बरं आहे." त्याच्या पुढची, "बरं आहे हो, तुम्ही बसा जरा." काहींना मावशींची दया आली असेल. बाकीच्यांना पाठच झालं होतं. इतकं चांगलं शिकवून ठेवलं होतं त्यांना.

मावशी परत आल्या. "सगळ्या बरं म्हणतात."

"मग बरंच असेल."

"नाही, सिस्टर. बोळा आहे ना." त्या हलल्या नाहीत. "नव्या डॉक्टरांना सांगता का, एकदा सगळ्यांवर नजर टाकायला? माझं नाही ऐकायचे ते. तुमचं ऐकतील."

माझे पाय सुजले होते. माझ्यानंतरची नर्स आजारी असल्याचा निरोप आला होता आणि मलाच थांबवतील या भीतीने मी भराभर पानं उरकत होते. तरी हे कारण नव्हे. मी कंटाळले होते, एवढंच खरं. मी हसले. "पहिल्याच दिवशी त्या पोराला छप्पन्न बायका पुन्हा तपासायला लावू? तुमचा कापूस राहिला म्हणून? डब्यातला एखादा जास्तीचा चिकटला असेल खिशाला. घरी जा, मावशी."

त्या गेल्या. बोळा खिशात टाकून गेल्या. मी पुढची फाइल ओढली आणि उद्याची तारीख घालून लिहिलं, 'रात्री झोप चांगली. तक्रार नाही.' ती साडेसतराची फाइल होती की तिच्या आधीची, ते आठवत नाही. सगळ्यांवर तेच लिहिलं.

साडेसतरा म्हणजे चौतीस वर्षांची एक शिवणकाम करणारी बाई. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की रोज सकाळी ती आपली चादर स्वतः काढून, टोकाला टोक जुळवून, घडी करून मावशींच्या हातात द्यायची. नवरा भेटायच्या वेळी यायचा आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसायचा. दोघं फारसं बोलत नसत. बस यायची आहे अशी बसलेली असत.

दुसऱ्या दिवशी सातला मी आले तर सतरा आणि अठराच्या मधली गादी गुंडाळून ठेवलेली. पहाटे साडेपाचला ती उठून बाथरूमकडे निघाली आणि दारातच कोसळली. चष्मेवाला डॉक्टर अर्धा तास तिची छाती दाबत होता. पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली. वेळेत लक्षात आलं तर त्यावर इंजेक्शन असतं. आमच्या कपाटात होतं.

मावशी त्या गुंडाळलेल्या गादीसमोर उभ्या होत्या. "पोटरी," त्या म्हणाल्या. "पोटरी दुखतेय म्हणाली होती. पाय जड झालाय म्हणाली. काल चादरीची घडीही केली नव्हती तिने. आत्ता आठवलं, सिस्टर. गादी बघितल्यावर आठवलं."

मी फाइल शोधत होते. पान उघडलं. आजची तारीख, माझं वळणदार अक्षर, 'रात्री झोप चांगली. तक्रार नाही.' त्याच्या खालीच रात्रीच्या नर्सने लिहिलेलं, सहा वाजून पाच मिनिटांनी मृत घोषित. मेट्रन आल्या. त्यांनी ते पान वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नवीन पान घे." एवढंच. मी नवीन पान घेतलं, रात्रीच्या नर्सने घरी जाता जाता तिचं पुन्हा लिहून दिलं. जुनं पान मी फाडणार होते. घडी करून पर्समध्ये टाकलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

साडेनऊला राऊंडच्या वेळीच नवरा आला. हातात तिच्यासाठी धुऊन आणलेला गाऊन होता. त्याला खाली सांगितलेलं होतं, तरी तो गाऊन घेऊनच वर आला. त्याने आरडाओरडा केला नाही. सरांना एकच विचारलं, "ती काही म्हणाली होती का? दुखतंय वगैरे?"

सरांनी फाइल पाहिली. कालचं पान, परवाचं पान. "नाही हो. काही तक्रार नव्हती तिची." ते अगदी मनापासून म्हणाले. नवऱ्याने मान डोलावली. कागदापुढे माणसं मान डोलावतातच.

"म्हणाली होती." फरशी पुसायचं सोडून मावशी पुढे आल्या. "मला म्हणाली होती ती. मीच पोचवलं नाही."

नवरा मावशींकडे बघत राहिला. मग त्याने गाऊनची आणखी एक घडी घातली.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. टेबलापलीकडे तिघं. मावशींनी सगळं सांगितलं. बायकांना काय शिकवलं, का शिकवलं, कापसाचे बोळे, अकराचा चहा. बोळ्यांचं ऐकून तिघांतला एक जण हसला. मग विचारलं, "तुम्ही नर्सच्या कानावर घातलं होतं?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "सिस्टरांना मी कुणाचं नाव नाही सांगितलं. मलाच आठवत नव्हतं." हे खरं होतं. अर्धं खरं. उरलेलं अर्धं त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

"सिस्टर, तुम्हाला या काही म्हणाल्या होत्या?"

मी म्हणाले, "नाही."

मावशी शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

मग काय, सुंठीवाचून खोकला गेला. कागद स्वच्छ, डॉक्टर स्वच्छ, नर्स स्वच्छ, आणि एक बाई आपणहून दोष कबूल करते आहे. वॉर्डातले सगळे म्हणाले, मावशींनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मीही मान हलवली. निवृत्तीला पाच महिने राहिले असताना त्यांची बदली धुलाईघरात झाली. वॉर्डाच्या दारावर पाटी लागली, 'रुग्णांनी आपली तक्रार थेट डॉक्टरांना सांगावी.' दार उघडलं की पाटी भिंतीकडे जाते, आणि आमचं दार दिवसभर उघडंच असतं. राऊंड अजून पस्तीस मिनिटांचाच आहे. मावशी नाहीत, पण जुन्या बायका नव्या बायकांना शिकवतात, "सर आले की बरं आहे म्हणायचं." पुढचं कुणावर सोडायचं ते आता कुणी सांगत नाही.

तीन आठवडे मी धुलाईघराकडे फिरकले नाही. चादरींचा गठ्ठा कमी आला की भांडायला जायचं माझंच काम, तरी मी दुसरीला पाठवायची. मग एका दुपारी गेले. इमारतीच्या मागच्या बाजूला, तळघरात. मोठी पिंपं गरगरत असतात आणि वाफेने भिंतींचे पोपडे सुटलेत. मावशी एका ढिगासमोर बसून डाग पडलेल्या चादरी वेगळ्या काढत होत्या. मला बघून उठायला लागल्या.

"या, सिस्टर. कशा आहात?"

"बरं आहे," मी म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात चादर बदलताना पाहायच्या तसंच. मग शेजारच्या फाटक्या चादरीची एक चिंधी ओढली, तिचा बोळा वळला आणि उजव्या खिशात टाकला.

"बसा," त्या म्हणाल्या. "इथं राऊंड नसतो. सांगा."

मी चादरींच्या ढिगावर बसले आणि रडले. इतक्या वर्षांत वॉर्डात कधी रडले नव्हते. मग सांगितलं. माझं आधी लिहून ठेवणं, ते पान, मेट्रनचं बोलणं, पर्स. 'नाही' त्यांनी ऐकलंच होतं, तरी तेही पुन्हा सांगितलं. म्हटलं, तुम्ही सांगितलं होतंत, डॉक्टरला बोलवा म्हणून. मी हसले होते. त्या घड्या घालता घालता ऐकत होत्या. मला वाटत होतं त्यांनी चिडावं, चार शब्द सुनवावेत. त्या चिडल्या असत्या तर मी मोकळी होऊन वर गेले असते.

"हे आता कुणाला सांगायचं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांची ती सवयच होती. तक्रार ऐकली की पुढचा प्रश्न, ही पोचवायची कुठे.

मी शेजारची एक चादर ओढून घडी घालायला लागले.

"माझ्याकडे देऊन काय उपयोग? मी कुणाला सांगणार, या चादरींना?" त्यांनी खिशातला बोळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "तुमच्याकडेच ठेवा, सिस्टर. माझ्याकडून राहून जातात आता."

याला आठ दिवस झाले. बोळा माझ्या कोटाच्या खिशात आहे. सलाईनच्या बाटल्या बदलताना, कात्री शोधताना हाताला लागतो. पान पर्समध्ये आहे, घडीवर थोडं फाटलंय, पण अक्षर वाचता येतं. मेट्रनला कळलं तर माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता झालं ते झालं, उकरून काय मिळणार? शहाणा माणूस आहे. मीही शहाणीच होते.

साडेसतराच्या नवऱ्याचा फोन नंबर तिच्या केस पेपरवर मागच्या बाजूला होता. तो मी लिहून घेतलाय. आज लावला नाही. काल लावला आणि वाजायच्या आत बंद केला. उद्या माझी सुट्टी आहे. पुढचं काही जुळत नाही, पहिलं वाक्य तेवढं ठरलंय. तुमची बायको म्हणाली होती, आणि एक राहिलंय हे मावशींनी मला सांगितलं होतं.